चौकटीतला डोळा

इटलीच्या एकीकरणाचा धडा शिकवताना मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावे मी फळ्यावर लिहीत आलो. मॅझिनी तर सावरकरांच्या १९०७ सालच्या पुस्तकापासून आपल्या घरचाच झाला आहे. या तिघांच्या शेजारी लिहावे असे एक चौथे नाव मात्र मला कोणत्याच क्रमिक पुस्तकात सापडले नाही. ते भेटले जुन्या छायाचित्रांच्या एका संग्रहात.

चित्रातल्या बाईने हातात एक लहानशी लंबगोल चौकट धरली आहे आणि तिच्या पोकळीतून एकच डोळा आपल्यावर रोखला आहे. हे चित्र पॅरिसच्या मायेर आणि पिअर्सों यांच्या चित्रशाळेत १८६० च्या दशकात काढले गेले. बाईचे नाव व्हर्जिनिया ओल्दोइनी, कास्तिल्योनेची काउंटेस.

जन्म फ्लॉरेन्सचा, १८३७ सालचा. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी मुलगा. एवढ्यात काव्हूरचे तिच्याकडे लक्ष गेले. तो तिचा नातलगच. फ्रान्सच्या मदतीवाचून ऑस्ट्रिया इटलीतून हलत नाही, हे त्या धूर्त मुत्सद्द्याने ओळखले होते. त्याने तिला पॅरिसला पाठविले, तिसऱ्या नेपोलियनचे मन इटलीकडे वळवावे म्हणून. वळवायचे कसे, हे सांगायला नकोच. १८५६ साली ती बादशहाची प्रेयसी झाली. १८५७ साली ते प्रकरण संपले. १८५९ साली फ्रेंच फौजा इटलीत उतरल्या; त्यात तिचा वाटा किती, यावर वाद घालणारे घालोत. मला खटकते ते एवढेच, की देशकार्याला निघालेल्या या अठरा वर्षांच्या मुलीजवळ काव्हूरने मागितला तो फक्त तिचा चेहरा.

तो चेहरा घेऊन ती १८५६ मध्येच पिअर-लुई पिअर्सोंकडे गेली आणि पुढे, मध्ये मोठे खंड पडले तरी, जवळजवळ चाळीस वर्षे जात राहिली. चारशेहून अधिक चित्रे निघाली. त्या काळी ओल्या काचेवर चित्र उमटेपर्यंत काही क्षण श्वास रोखून बसावे लागे. पण ही बाई बसवील तशी बसणारी नव्हती. पोशाख तिचा, प्रसंग तिचा, उभे राहण्याची ढब तिची. काही चित्रांवर रंग कुठे आणि कसा चढवायचा, हेही तीच सांगे. पुढे नवऱ्याने मुलगा काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा तिने हातात सुरी घेऊन चित्र काढविले आणि ‘सूड’ असे नाव देऊन ते त्याला धाडले, असे सांगतात.

आणि १८६२ साली एक मजेदार खटला झाला. याच चित्रशाळेने काढलेली काव्हूर आणि पामर्स्टन यांची छायाचित्रे दुसऱ्यांनी नकलून विकली. छायाचित्र ही कला आहे की नुसते यंत्राचे काम, असा प्रश्न पॅरिसच्या न्यायालयापुढे आला. ती कलाही असू शकते आणि तिच्यावर छायाचित्रकाराचा हक्क असतो, असा निवाडा झाला. काव्हूरच्या चित्राचा धनी ठरला. काउंटेसच्या चित्रांचा धनी कोण, हे कुणी विचारलेच नाही. इतिहासकारांनी तिला आत्मपूजक म्हणून मोकळे केले. असेलही ती. पण आत्मपूजेला आरसा पुरतो. त्यासाठी प्रत्येक चित्राला नाटकासारखे नाव देण्याचे कारण नाही.

१८६७ साली नवरा अपघातात गेला, १८७९ साली मुलगा. प्लास व्हांदोममधल्या तिच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या, आरसे झाकले गेले. ती बाहेर पडे ती रात्री. अशा अवस्थेत, १८९३ च्या सुमारास, ती पुन्हा पिअर्सोंपुढे येऊन उभी राहिली. दात गेलेले, केस विरळ, गाल बसलेले. पिअर्सोंही सत्तरी ओलांडलेला. ज्या चेहऱ्याला घरात आरसा चालत नव्हता, तो तिने काचेवर उमटू दिला, आणि एकदाच नव्हे, १८९५ पर्यंत पुन्हापुन्हा.

१८९९ च्या नोव्हेंबरात ती वारली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात आपली चित्रे मांडावीत, ही तिची इच्छा तशीच राहिली. रोबेर द माँतेस्क्यू या कवीने वर्षानुवर्षे खपून तिची ४३३ चित्रे जमविली आणि १९१३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्या संग्रहातली पुष्कळशी चित्रे आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये आहेत. त्यांच्या खाली नाव आहे ते पिअर्सोंचे.