करडे गावचे घर आणि राहत्या वास्तूचे रक्षण

ऋण फेडणे हा धर्म आहे, ही शिकवण आपल्या समाजात फार जुनी आहे. राहती वास्तू राखणे हाही तितकाच जुना धर्म होय. ज्या घरात कुलदेवतेचे टाक पूजेला आहेत, ज्या ओसरीवर वडीलधारी माणसे बसली, ते घर केवळ दगडमातीच्या किंमतीचे नसते. परंतु धनकोचा हुकूमनामा दाराशी आला म्हणजे हे दोन्ही धर्म समोरासमोर उभे राहतात. अशा वेळी कायद्याने कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न दख्खनच्या इतिहासात एकदा अत्यंत तीव्रतेने उभा राहिला होता. त्याची हकीकत आजच्या गृहस्थासही उपयोगी पडावी, म्हणून ती येथे थोडक्यात मांडत आहो.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी धनकोचा हक्क कधी नाकारला नाही. बापाचे न्याय्य ऋण मुलाने फेडावे, असा दंडक त्यांनी घातला. पण त्याचबरोबर दामदुपटीची मर्यादाही सांगितली: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. पेशवाईतही सावकार होतेच. ते तकादे लावीत, प्रसंगी ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत. तरीही सावकार आणि कूळ एकाच गावात नांदत असल्याने वसुलीला पंचायतीचा व लोकलज्जेचा लगाम असे.

इंग्रजी अमलात हा लगाम सुटला. 1855 च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील जुने सरकारी निर्बंध उठले. 1859 मध्ये दिवाणी कार्यपद्धतीची संहिता आली आणि कागदावरील अंगठ्याला माणसाच्या शब्दाहून अधिक वजन प्राप्त झाले. कोर्ट तालुक्याच्या गावी, समन्स न समजणाऱ्या भाषेत, आणि शेतकरी हजर न राहिल्यामुळे निकाल एकतर्फी, असे नित्य घडू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला भाव आला, तेव्हा पत वाढली आणि कर्जेही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच फेरपाहणीने सरकारी सारा चढला. कर्ज मात्र होते तेथेच राहिले, किंबहुना दर नव्या खताबरोबर फुगत गेले.

या पार्श्वभूमीवर 1874 च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे या गावी एक प्रकरण घडले. बाबासाहेब देशमुख नावाच्या घरंदाज शेतकऱ्याविरुद्ध काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा मिळवला आणि लिलावात त्यांचे घर व जमीन दीडशे रुपयांत स्वतःच विकत घेतली. देशमुखांनी तडजोडीचा प्रयत्न केला, तो व्यर्थ गेला. सावकाराने घर पाडावयास घेतले. कायद्याच्या दृष्टीने तो आपल्याच मालमत्तेची भिंत पाडीत होता. गावाच्या दृष्टीने तो एक कुळी उखडीत होता. गावकऱ्यांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याची जमीन कोणी कसेना, त्याच्या घरी कोणी चाकरीस जाईना. अखेरीस सावकारांना पोलिसांच्या संरक्षणात शिरूरला जावे लागले.

हा असंतोष आसपासच्या गावांत पसरला आणि 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी त्याचा भडका उडाला. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत दंगे झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जमावाचा रोख मुख्यतः खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. कागद हाती आले की ते जाळून टाकीत. माणसांना इजा त्या मानाने फार थोडी झाली. ज्या कागदाने घर जाते तो कागदच नाहीसा करावा, एवढेच त्या निरक्षर माणसांना सुचले. तो मार्ग न्याय्य नव्हता, हे वकील या नात्याने आम्हांस सांगितलेच पाहिजे. पण न्यायाचा मार्ग त्यांच्यासाठी बंद कोणी केला होता, हेही विचारले पाहिजे.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्याने न्यायाधीशास व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचे कर्तव्य सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्यास कैद करण्याची चाल बंद केली. आणि त्या विशिष्ट कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल, तर शेतकऱ्याची स्थावर मिळकत जप्त करून विकता येणार नाही, असे ठरविले. या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही पाहिले. कायद्याला पळवाटा फुटल्याच. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती निघाली. तथापि राहते घर इतर मालमत्तेहून वेगळे आहे, हे तत्त्व कायद्यात रुजले.

तो कायदा आज नाही, पण तत्त्व जिवंत आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 पाहावे. शेतकऱ्याचे स्वतःच्या वहिवाटीतील घर, त्याखालील जागा व लगतची आवश्यक जमीन जप्तीपासून मुक्त आहे. 1976 च्या दुरुस्तीने हे संरक्षण मजूर व घरगुती नोकर यांनाही मिळाले. शिवाय हे संरक्षण सोडून देण्याचा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. आमच्या गोव्यात ही संहिता 1965 च्या कायद्याने आली. त्याआधीपासून चालत आलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेत पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावराचे हस्तांतर करता येत नाही, हेही घराचे एक कवचच होय. बापाच्या ऋणाबद्दल पुत्रावर केवळ धर्माच्या नावाने पडणारी कायदेशीर जबाबदारी मात्र 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीने त्यापुढील कर्जांपुरती संपली.

परंतु वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. जी वास्तू आपण होऊन गहाण दिली, तिला कलम 60 वाचवीत नाही. 2002 च्या सरफेसी कायद्याने तर बँकेला साठ दिवसांची नोटीस देऊन, दाव्यावाचून, गहाण घराचा ताबा घेण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. त्या कारवाईविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, पण नगरातील राहत्या घराला अशी सूट नाही. म्हणून धंद्याच्या कर्जाला वडिलोपार्जित घर तारण लावण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून कागद वाचावा. भावाच्या किंवा स्नेह्याच्या कर्जाला जामीन राहतानाही तोच विचार करावा. नोटीस आली तर ती देवघराच्या कोनाड्यात ठेवून देऊ नये, मुदतीत उत्तर द्यावे. कर्ज फिटल्यावर दप्तरातील बोजा उतरवून घ्यावा.

करड्याच्या देशमुखांना यांतले कोणतेच कवच नव्हते. आज आपल्याला जे आहे, ते त्या पाडलेल्या घराच्या व त्यानंतरच्या क्षोभाच्या किंमतीवर मिळाले आहे. ऋण अवश्य फेडावे. पण सही करण्याआधी क्षणभर थांबावे, कारण कायद्याचे संरक्षण सहीपूर्वी मोठे असते आणि सहीनंतर फार लहान होते.