देणारा कोण?

दत्तक म्हटले की आपल्या लोकांना गाद्या आठवतात. १८४८ त साताऱ्याचे दत्तविधान इंग्रजांनी मानले नाही, १८५४ त झांशीचे मानले नाही. १८७५ त बडोद्यास जमनाबाईंनी कवळाण्याच्या काशीरावांचा मुलगा मांडीवर घेतला, तो मात्र सयाजीराव महाराज झाला. या साऱ्या कथांत वाद आहे तो घेणाऱ्याच्या हक्काचा. देणाऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आणि आमच्या मते पोरक्या मुलांचे घोडे तेथेच अडले.

धर्मशास्त्रात दत्तक हे दान होते. ते करावे बापाने, तो नसेल तर आईने. तिसऱ्यास अधिकार नव्हता. काशीराव हयात होते, म्हणून मुलगा देता आला. त्याच १८७५ साली पंढरपुरात प्रार्थनासमाजाने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. त्या अर्भकांना देणार कोण? ज्याला घराची गरज सर्वांत अधिक, तोच शास्त्राने अपात्र!

१९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आईबाप मृत, संन्यस्त किंवा वेडे ठरलेले असतील तर न्यायालयाच्या परवानगीने पालकासही मूल देता येऊ लागले. परंतु पायरीवर मूल ठेवून गेलेली आई यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हती. टाकलेले मूल आणि अज्ञात मातापित्यांचे मूल हे शब्द कायद्यात यायला १९६२ उजाडले. हा कायदा अर्थात हिंदूंपुरता (त्यांत बौद्ध, जैन, शीख आले). ख्रिस्ती, पारशी, मुसलमान दांपत्यांच्या हाती १८९० च्या कायद्याचे पालकत्व तेवढे होते, आणि मूल सज्ञान होताच तेही संपे. सर्वांसाठी म्हणून १९७२ त आणलेले विधेयक बारगळले. ती वाट २००० सालच्या बालन्याय कायद्याने मोकळी केली.

२०१५ च्या कायद्यात आता मुदती आहेत. मूल स्वेच्छेने सोपवणाऱ्या आईबापांस फेरविचारासाठी ६० दिवस. टाकलेले मूल दोन वर्षांखालचे असेल तर दोन महिन्यांत, मोठे असेल तर चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळे ठरवावयाचे. आईला ६० दिवस थोडे होतात अशी तक्रार निघते, व ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तथापि तान्ह्या मुलाचे दोन महिने म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य असते. २०२१ च्या दुरुस्तीने अखेरचा हुकूमही न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे गेला. वेग वाढावा हा हेतू. पण नाते कायमचे तोडण्याचा निर्णय न्यायाधीशानेच करावा असे आम्हांस वाटते.

एक मूल मात्र याही मुदतींच्या बाहेर राहते. त्याची आई वर्षाकाठी एकदा आश्रमाच्या दाराशी येते, खाऊ देते, नेत नाही आणि कागदावर सहीही करत नाही.