चौकटीतून परतलेले सोने

मराठी समीक्षेच्या शब्दसंग्रहात सोने दोन अगदी विरुद्ध अर्थांनी वावरते. एखाद्या कवितेला 'बावनकशी' म्हटले की पुढे बोलणे उरत नाही. तिच्यावर 'मुलामा' आहे असे म्हटले की तिची वासलात लागते. 'बेगडी' हे विशेषण तर मूळच्या चकचकीत बेगडाला विसरून केवळ निंदेपुरते उरले आहे. या सगळ्या शब्दांमागचे गृहीत एकच आहे: सोने आतपर्यंत असेल तर खरे, वरवर असेल तर खोटे. विसाव्या शतकातील काही अमूर्त चित्रकारांनी सोन्याचा वर्ख हाती घेतला, त्या इतिहासापाशी आले की हे गृहीत आम्हाला अपुरे वाटू लागते. ज्या चित्रात पृष्ठभागाखेरीज दुसरे काही दाखवायचेच नाही, तिथे 'वरवरचे' हा आक्षेप कशावर घ्यायचा?

या इतिहासाची सुरुवात मात्र अमूर्त चित्राच्या पाचशे वर्षे आधी होते. चौदाव्या शतकातील सिएना, फ्लॉरेन्स येथील फलकचित्रांत संतांच्या मागे आकाश नसे, सोने असे. चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत त्याची रीत बारकाईने दिली आहे. लाकडावर सरस मिसळलेल्या पांढऱ्या लेपाचे थर, त्यावर तांबडी चिकणमाती, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे पाणी, मग वर्ख, आणि शेवटी दगडाने किंवा प्राण्याच्या दाताने घोटणे. तांबड्या मातीमुळे सोन्याला खालून ऊब येते. एका डुकाटच्या नाण्यातून सपाट भागासाठी शंभरच वर्ख काढावेत, पण सोनार एकशे पंचेचाळीस काढतात, असा त्याचा व्यवहारी इशाराही आहे. मेणबत्तीच्या उजेडात ही पार्श्वभूमी क्षणात उजळे, क्षणात काळवंडे. ते सोने वस्तू म्हणून नव्हे, प्रकाश म्हणून होते.

आपल्याकडच्या तंजावर चित्रांशी तुलना केली तर हा भेद स्पष्ट होतो. मराठा राजवटीत, विशेषतः दुसऱ्या सरफोजीच्या काळात, बहरलेल्या त्या शैलीत उठावाच्या लेपावर चढवलेला वर्ख मुख्यतः दागिने, मुकुट, खांब, कमानी यांवर असतो. तिथे सोने हे सोनेच असते. देवाच्या अंगावरचा दागिना खराखुरा व्हावा एवढाच त्याचा हेतू.

युरोपात या सोन्यावर पहिला मोठा घाव घातला तो लेओन बात्तिस्ता अल्बेर्तीने. १४३५ च्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात तो सांगतो की सोन्याची चमक खऱ्या सोन्याने न दाखवता साध्या रंगांनी दाखवावी. कौतुक त्यातच आहे. मायकेल बॅक्सन्डॉलने १९७२ च्या पुस्तकात त्या शतकातील करारनाम्यांवरून याचीच दुसरी बाजू दाखवली. आधीच्या करारांत किती सोने, कोणत्या प्रतीचा निळा हे तपशिलाने असे. पुढे द्रव्याऐवजी चित्रकाराच्या हाताला मोल येत गेले. आज साहित्यात ज्याला आपण प्रतिभेचे मूल्य म्हणतो, त्याची चित्रकलेतील एक वंशावळ अशी बाजारातून येते. पण अल्बेर्तीने सोन्याला एक जागा राखून ठेवली होती. चित्राभोवतीचे खांब, कोरीवकाम, म्हणजेच चौकट, सोन्याची असायला त्याची हरकत नव्हती. चित्रातून निघालेले सोने चौकटीत जाऊन बसले आणि तिथेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लिम्टने ते आत आणले खरे, १९०७ च्या आडेले ब्लॉख-बाउअरच्या चित्रात तर भरभरून. पण त्या सोन्याला अजून चेहरा आणि हात सोडवत नव्हते.

ईव्ह क्लाइन १९४९-५० मध्ये लंडनला चौकटी बनवणाऱ्या रॉबर्ट सॅव्हेज यांच्या दुकानात काम करत होता आणि सोन्याचा वर्ख चढवण्याची कला तो तिथे शिकला, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो. श्वासानेही उडून जाईल इतका नाजूक वर्ख. दहा वर्षांनी त्याने 'मोनोगोल्ड' चित्रे केली: काही घोटून गुळगुळीत, तर काही अशी की वर्खाचे तुकडे एका टोकाशीच चिकटवलेले, हवा हलली की थरथरणारे. जे चौकटीत होते तेच आता सगळे चित्र झाले.

परंतु क्लाइनला सोन्याची किंमतही हवी होती. १९५९ पासून त्याने 'अमूर्त चित्रसंवेदनेचे प्रदेश' विकायला काढले. म्हणजे काय, तर काहीच नाही, रिकामी जागा. मोबदला मात्र शुद्ध सोन्यात: पहिल्या मालिकेला वीस ग्रॅम, मग दर मालिकेला दुप्पट. ग्राहकाला पावती मिळे. त्याने ती जाळली तर क्लाइन निम्मे सोने साक्षीदारांसमोर सेन नदीत टाकी. २६ जानेवारी १९६२ रोजी इटालियन कादंबरीकार दीनो बुझ्झाती अशा व्यवहारात सामील झाला. त्याच वर्षी ६ जूनला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, क्लाइन वारला. आधीच्या विक्रीतून आलेल्या सोन्याच्या लगडी, निळी व गुलाबी भुकटी आणि वर्ख एका पारदर्शक पेटीत घालून १९६१ मध्ये त्याने इटलीतील काश्या येथील संत रीताच्या मठात गुपचूप नवस म्हणून ठेवले होते; ती पेटी त्याची आहे हे जगाला १९८० मध्ये कळले.

ही गोष्ट सांगायला बहारीची आहे, आणि आमची शंकाही तिथेच आहे. सांगितल्याशिवाय ती उभी राहत नाही. पावती, साक्षीदार, छायाचित्रे काढून घेतली तर नदीच्या तळाशी थोडे सोने उरते, एवढेच. साहित्याच्या अभ्यासकाने या कृतीवर भाळावे हे स्वाभाविक आहे, कारण ती बव्हंशी वाङ्मयच आहे.

मेक्सिकोत स्थायिक झालेल्या माथियास गोएरित्सला हा खेळ मानवणारा नव्हता. मार्च १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात क्लाइनचा मित्र तँगेली याने स्वतःला मोडून टाकणारे यंत्र चालवले, तेव्हा गोएरित्सने 'कृपया थांबा' अशा अर्थाचे निषेधपत्रक वाटले होते. त्याचे स्वतःचे सोने त्लाल्पान येथे लुईस बारागानने बांधलेल्या कापुचिन जोगिणींच्या प्रार्थनागृहात वेदीवर आहे. त्यावर आकृती नाही. येणारा उजेड ते परत देते. चेन्निनीला ते ओळखीचे वाटले असते.

अ‍ॅग्नेस मार्टिनचे १९६३ चे 'फ्रेंडशिप' हे या सर्वांत आम्हाला अधिक मोलाचे वाटते. एकशे नव्वद सेंटिमीटरहून किंचित मोठा चौरस कॅनव्हास, पांढरा लेप, वर्ख, आणि त्यात कोरलेली बारीक आयतांची जाळी. चौरसावर आयत आखले की चौरसाचा अधिकार हलका होतो, असे तिचे म्हणणे होते. इथे आम्ही एक हिशेब केला. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी धरली, तर एका ग्रॅममध्ये सुमारे अर्धा चौरस मीटर झाकला जातो. म्हणजे वाया जाणारा वर्ख सोडला तर या संपूर्ण चित्राला सात-आठ ग्रॅम सोने पुरावे. तेव्हाच्या औंसाला पस्तीस डॉलर या अधिकृत भावाने ते दहा डॉलरच्याही आत येते. क्लाइनच्या स्वस्तात स्वस्त रिकाम्या जागेच्या मोबदल्यात अशी दोन चित्रे मढवून वर सोने उरले असते.

तेव्हा या चित्राची श्रीमंती द्रव्याची नाही, आणि अल्बेर्तीला अभिप्रेत असलेल्या नकलेच्या कौशल्याचीही नाही. ती त्या रेघांत आहे. दुरून पाहावे तर एकसंध झळाळी. जवळ जावे तर हाताने ओढलेली प्रत्येक रेघ कुठे खोल, कुठे उथळ, वर्खाची कड कुठे खरवडलेली, आणि त्या बारीक ओरखड्यांत अडकणारा उजेड आपण सरकलो की सरकणारा.