काचेबाहेरची आई



‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? माझ्या आजीच्या तोंडी ते कायम असायचं. पुढे वाचनात आलं, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांनीही अगदी हेच लिहून ठेवलं होतं. इतकी जुनी आणि इतकी लांबवर पसरलेली ही समजूत साफ खोटी आहे. बाळ पोटात जितके दिवस जास्त, तितकं ते तगण्याची शक्यता जास्त. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट. पण घरातल्या मोठ्यांनीच एकदा ‘आठव्यातलं आहे’ म्हणून सुस्कारा सोडला, की त्या बाळंतिणीनं दूध पाजायची उमेद कुठून आणायची?

आज अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत यंत्रं येतात, डॉक्टर येतात, पण मला ती सांगायची आहे आईच्या बाजूनं. कारण या बाळांना वाचवताना आईला एकदा खोलीबाहेर काढलं गेलं आणि परत आत घ्यायला जगानं फार वर्षं लावली.

माझी मावशी १९७१ साली एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली. दिवस पुरे नव्हते, बाळ साडेतीन पौंडांचं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मावशीला रोज संध्याकाळी खिडकीतून बघायची परवानगी. दूध भरून यायचं, दुखायचं, तर छातीला फडकं घट्ट बांधायला सांगितलं. आठवड्याभरात दूध आटलं. पाच आठवड्यांनी बाळ हातात दिलं, सोबत पावडरचा डबा आणि बाटली. मावशी म्हणायची, “शेजारणीचं मूल दोन तास सांभाळायला घ्यावं, तसं वाटत होतं गं. घाबरत घाबरत धरायचे.” बाळ जगलं, आज त्याला नातवंडं आहेत. पण ‘मी त्याला पाजलं नाही’ ही खंत मावशीनं शेवटपर्यंत बाळगली. जणू तिनंच नाही म्हटलं होतं!

दोष त्या एका दवाखान्याचा म्हणता येणार नाही. तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. ती कशी पडली, हे बघायला आपल्याला पॅरिसला जावं लागेल.

पॅरिसमध्ये स्टेफान टार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. १८७८ साली ते तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले असताना कोंबडीची अंडी उबवायची पेटी त्यांच्या नजरेला पडली. त्यांनी ती बनवणाऱ्या कारागिराकडून बाळांसाठी तशीच पेटी करून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळं. लवकरच ती पॅरिसच्या ‘मॅटर्निटी’ रुग्णालयात बसवली गेली. तोवर तिथं दोन किलोंच्या आतल्या शंभर बाळांपैकी ६६ दगावत होती, पेटी आल्यावर तो आकडा ३८ वर आला. नुसत्या उबेनं! आपल्या आज्या बाळाला कापसात गुंडाळून शेगडीशेजारी ठेवत, त्यामागचं शहाणपण हेच होतं.

टार्निएंचे शिष्य पिएर ब्युदाँ यांना मात्र आणखी एक गोष्ट दिसली. बाळ आठवडेच्या आठवडे दवाखान्यात, आई घरी. बाळ सुधारतं, पण न्यायला आई येतच नाही. ज्या बाळाचं तिला काहीच करावं लागलं नाही, त्याच्याविषयी तिची ओढ विरून जाते. आईची माया अशी गमावून बाळाचा जीव वाचवला, तर तो सौदा अर्धाच, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी आयांना वॉर्डात बोलावलं, आपलं दूध आपल्या बाळाला द्यायला लावलं. १८९२ मध्ये त्यांनी ‘शारिते’ रुग्णालयात आणखी एक काम सुरू केलं. घरी गेलेल्या बाळांना आयांनी दर आठवड्याला घेऊन यायचं, वजन करायचं, दूध पुरतंय का, स्तनपान चाललंय का, हे बोलायचं. बाळाला घरी पाठवलं म्हणजे काम संपलं नाही, हे दवाखान्यानं मान्य करण्याची ही सुरुवात. आज आपल्या अंगणवाडीत वजनकाटा टांगलेला दिसतो, तेव्हा मला ते पॅरिसचे आठवडी दिवस आठवतात.

पण ब्युदाँचं हे म्हणणं मागे पडलं आणि पेटी तेवढी जगभर गेली. तीही कशी? तर जत्रेतून! १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांमध्ये खरीखुरी बाळं ठेवून लोकांना तिकीट लावून दाखवली. मग मार्टिन कूनी नावाच्या माणसानं हा खेळ अमेरिकेत नेला. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, झुल्यांच्या आणि खाऊच्या दुकानांच्या शेजारी अपुऱ्या दिवसांची बाळं पेटीत असत. ऐकून अंगावर काटा येतो. पण कूनीला नुसतं नावं ठेवून चालणार नाही. बहुतेक दवाखाने या बाळांसाठी काही करत नव्हते, आणि तो आईबापांकडून एक पैसा न घेता तिकिटाच्या पैशांवर नर्स आणि दूध पाजणाऱ्या दाया ठेवत होता. त्यानं हजारो बाळं जगवली. फक्त ब्युदाँना सतावणारा प्रश्न त्याच्याकडेही होताच. बाळ घरी न्या म्हटलं, की काही आईबाप का-कू करत.

पुढे दवाखान्यांनी खास कक्ष काढले. तिथं भीती होती ती जंतुसंसर्गाची. प्रतिजैविकं नव्हती, वॉर्डात एक बाळ आजारी पडलं की दहा पडायची. म्हणून बाहेरचं माणूस आत नको, असा नियम झाला, आणि ‘बाहेरचं माणूस’ यात आईही आली. भीती खोटी नव्हती. पण औषधं आल्यानंतरही नियम तसाच राहिला, याचं कारण मला सवयीपलीकडे दिसत नाही. काही ठिकाणी वेगळं घडत होतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात १९४० च्या दशकात नर्स घरोघर जाऊन अशा बाळांची निगा राखत होत्या. पण अशी गावं थोडी.

आता आपल्याकडे येऊ. इथं पेट्या कमी, नर्स त्याहून कमी, बाळं भरपूर. एकेका पेटीत दोन-दोन. पावडरचं दूध कालवायला पाणी शुद्ध नाही, बाटल्या नीट उकळायला वेळ नाही. जिथं संसर्ग टाळायला आईला बाहेर ठेवलं, तिथं संसर्ग बाटलीतूनच आत येत होता. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात डॉ. इंदिरा नारायणन यांनी १९८० च्या सुमारास हे अभ्यासून दाखवलं. कमी वजनाच्या बाळांना दिवसभर जरी पिळून काढलेलं आईचं दूध दिलं, तरी नुसत्या पावडरीवरच्या बाळांपेक्षा त्यांना संसर्ग कमी होत होता.

आणि मुंबईत, धारावीच्या शेजारी, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस होत्या. महापालिकेचा दवाखाना, गर्दी ओसंडून वाहणारी. त्यांनी बाटल्या आणि पावडर बंद केली आणि आयांना आत घेतलं. बाळाचं पुसणं-गुंडाळणं, दूध पाजणं, लक्ष ठेवणं हे आईनं करायचं, सिस्टरनं तिला शिकवायचं. आई म्हणजे गर्दी नव्हे, ती कामाची माणूस आहे, हे मान्य करायला हिंमत लागते.

मग प्रश्न आला, ज्या आईला दूध उतरलेलंच नाही, जी स्वतः अत्यवस्थ आहे, तिच्या बाळाचं काय? त्यासाठी १९८९ मध्ये त्यांनी शीवला मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ही पहिली. तिथं काम असं चालतं : ज्या बाळंतिणीला जास्त दूध आहे, तिची तपासणी होते, ती स्वखुशीनं दूध पिळून देते. ते साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास तापवतात, जंतू नाहीत ना ते पाहतात आणि गोठवून ठेवतात. गरज पडेल त्या बाळाला ते मिळतं. कोणाचं दूध कोणाला गेलं, हे विचारायचं नाही. ज्या समाजात पाण्याचा घडाही वेगळा ठेवत, तिथं हे घडलं, हे मला त्या यंत्रांपेक्षा मोठं वाटतं. पण पेढीवर काम करणाऱ्या सिस्टर सांगतील, की त्यांचं पहिलं काम दूध वाटायचं नाही. बाळाच्या स्वतःच्या आईला दूध यावं म्हणून तिच्याशेजारी बसायचं, हे पहिलं काम.

कारण हे दूध आपोआप येत नाही. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही. ते छातीशी लागत नाही, आणि चोखलं नाही तर दूध वाढत नाही. म्हणून आईनं पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला लागायचं. दिवसातून आठ वेळा, त्यात एकदा तरी रात्री. पहिला चीक चमचाभरही निघत नाही, तेवढाच पुरतो. तो टाकायचा नाही. बाळाला तो नळीनं जातो. मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग हळूहळू छाती. हो, आपलं आजीच्या ट्रंकेतलं चांदीचं बोंडलंच! नवजात कक्षात ते आता स्टीलचं असतं आणि सिस्टर त्याला दक्षिणेकडच्या नावानं ‘पलाडै’ म्हणतात. बाटलीच्या बुचापेक्षा ते धुवायला सोपं, आणि बाळाला छातीचा विसर पडत नाही.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, डॉ. एडगर रे यांच्यापुढे आपल्यासारखीच अडचण होती. पेट्या कमी, संसर्ग खूप, आणि आया बाळं तिथंच सोडून जात. त्यांनी १९७८ मध्ये बाळाला फक्त लंगोट-टोपडं घालून आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, उभं बांधायला सुरुवात केली. डॉ. एक्तोर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. ऊब आईची, दूध आईचं, आणि बाळ जरा स्थिरावलं की तसंच बांधून घरी. यालाच आपण ‘कांगारू मदर केअर’ म्हणतो. बरीच वर्षं श्रीमंत देशांतले डॉक्टर याकडे गरिबांचा इलाज म्हणून बघत राहिले.

आपल्या गडचिरोलीत तर दवाखानाच लांब होता. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. थोडंफार शिकलेल्या या बायका, आरोग्यदूत म्हणून, बाळंतपणाच्या घरी जायच्या. बाळाचं वजन, श्वास, अंगाची ऊब बघायच्या, उबदार कापडाची पिशवी द्यायच्या, छातीला लावायला मदत करायच्या, संसर्ग दिसला तर इंजेक्शनही द्यायच्या. तिथं हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी फेऱ्या करू लागल्या, त्याचं मूळ इथं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई भेटते. ती यायला हवी, हा उपकार नाही.

२०२१ मध्ये पाच देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात आपलं सफदरजंग रुग्णालयही होतं. बाळ स्थिर होईपर्यंत वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, आणि त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच लावली, तर मृत्यू चौथाईनं कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारस केली.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं बाळ नवजात कक्षात असेल आणि सुनेला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं असेल, तर सिस्टरना नम्रपणे विचारा : तिला आत कधी बसता येईल? दूध काढायला जागा कुठे आहे? छातीशी कधी बांधायचं? सासूबाईंनी, आईनं, नवऱ्यानंही शिकून घ्या. तीही माणसं बाळाला छातीशी धरू शकतात, तेवढ्या वेळात ती पोरगी जेवेल, झोपेल.

घरी सोडताना वजनाच्या आकड्यावर अडून बसू नका. वजन रोज वाढतंय का, पेटीबाहेर अंग उबदार राहतंय का, तोंडानं दूध घेतंय का आणि आईला आत्मविश्वास आलाय का, हे बघा. डोळ्यांची तपासणी मात्र विसरू नका. दोन किलोंच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासावा लागतो. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. घरी शेगडीचा धूर नको, डॉक्टर सांगेपर्यंत आंघोळ नको. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न बघता निघा. आणि हे सगळं कागदावर लिहून मागा, आशाताईच्या फोन नंबरासकट.

माझ्या मावशीलाही दवाखान्यातून निघताना एक कागद मिळाला होता. त्यावर पावडरच्या डब्याचं नाव लिहिलेलं होतं.