कौटुंबिक अलंकार : धन, स्मृती आणि स्वामित्व

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून सनदा, महजर, निवाडपत्रे आणि वंशावळी यांचा अभ्यास होत आला आहे. या कागदांतून घराण्याची जमीन, वतन व मानपान यांची माहिती मिळते. घरातील स्त्रियांची नावे मात्र त्यांत क्वचितच आढळतात. उलटपक्षी त्याच घरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेले दागिने बहुधा स्त्रियांच्याच नात्याने ओळखले जातात. ‘आजीच्या पाटल्या’, ‘थोरल्या सासूबाईंची नथ’, ‘माहेरची ठुशी’ ही नावे कोणत्याही दप्तरात नसली तरी घरोघर टिकून राहिली आहेत. वतन बापाकडून मुलाकडे जाई; दागिना आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जाई. ही परंपरा केवळ हळवेपणाची नव्हे. तिच्यामागे हक्काची एक जुनी कल्पना होती, आणि तो हक्क जेथे दुबळा पडला तेथे भावनेचे मोलही स्त्रीच्या कामी आले नाही, असे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

दागिना एकाच वेळी धन आणि स्मृती असतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे पुतळ्यांची माळ. व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे इ. स. 1284 मध्ये प्रथम पाडले गेले. सुमारे साडेतीन ग्रॅमचे हे नाणे शुद्धतेबद्दल नावाजलेले होते व सागरी व्यापाराबरोबर ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यावरील मानवी आकृतींमुळे त्यास येथे ‘पुतळी’ हे नाव मिळाले. मुळात त्या आकृती संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती यांच्या होत्या. परंतु माळेत ओवलेल्या पुतळीला त्या मूळ अर्थाशी काही कर्तव्य उरले नाही. पुढे सोनारांनी ठशांवर तशाच चकत्या ठोकून, त्यांवर लक्ष्मीची प्रतिमा उमटवून माळा घडविल्या. बाजारातले नाणे असे गळ्यात आले म्हणजे ते चलनातून निघून घराण्याच्या आठवणीत जमा होई.

तरीही ते पुन्हा बाजारात जाण्याची वाट खुलीच असे. सोनाराच्या तराजूत तोळा, मासा व गुंज एवढीच भाषा चाले. मोडीला आलेल्या दागिन्याची मजुरी बुडे, घट वजा होई आणि तो कोणी कोणास केव्हा घातला याची किंमत शून्य धरली जाई. म्हणूनच गरजेच्या वेळी दागिना मोडण्यापेक्षा गहाण ठेवण्याकडे कुटुंबाचा ओढा असे. व्याज भरावे लागले तरी तीच वस्तू परत येण्याची आशा त्यात राही. तेवढ्याच वजनाचे नवे सोने घेता येत असताना जुनीच पाटली सोडवून आणण्यासाठी जे व्याज भरले जाई, ते एका अर्थी स्मृतीचेच मूल्य होय.

धर्मशास्त्राने या वस्तूंचा विचार ‘स्त्रीधन’ या सदरात केला. कौटिल्याने स्त्रीधनाचे वृत्ती व आबंध्य असे दोन भाग मानले. निर्वाहासाठी द्यावयाच्या वृत्तीस त्याने दोन सहस्र पणांची मर्यादा घातली. अंगावर बांधावयाच्या अलंकारांस मात्र मर्यादा ठेवली नाही. मनुस्मृतीत विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रीतीने दिलेले आणि माता, पिता व भ्राता यांजकडून आलेले असे सहा प्रकार सांगितले आहेत. म्हणजे वस्तू कोणती यापेक्षा ती कोणी व कोणत्या प्रसंगी दिली, यावर हे वर्गीकरण उभे आहे. ‘माहेरचा दागिना’ या बोलीतल्या शब्दामागे हाच भेद दिसतो. पतीच्या हयातीत स्त्रियांनी वापरलेले अलंकार दायादांनी वाटून घेऊ नयेत, घेतल्यास ते पतित होतात, असेही मनूने बजावले आहे.

चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळी कल्याणी येथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ रचली. त्याने स्त्रीधनाचा अर्थ व्यापक केला आणि त्याच्या वारसात मुलींना अग्रक्रम दिला. त्यांतही अविवाहित मुलीचा हक्क आधी मानला. आईचा दागिना लेकीकडे जाण्याच्या रीतीला यापेक्षा स्पष्ट शास्त्राधार नाही.

परंतु याच परंपरेत एक पळवाटही होती. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी किंवा बंदिवास अशा प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. त्यामुळे स्त्रीचा दागिना हा कुटुंबाचा शेवटचा राखीव साठा ठरला. त्याचा विनियोग कधी मोठ्या कार्यासाठीही झाला. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या चित्रपटामागे सरस्वतीबाईंचे दागिने होते. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. हे त्याग थोर खरेच. पण त्यांची थोरवी कळण्यासाठी ज्या वस्तू दिल्या गेल्या त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, हे प्रथम मान्य करावे लागते. ‘घरचे सोने घरच्या कामी आले’ असे म्हटले की देणारी व्यक्तीच दिसेनाशी होते.

वैधव्याच्या प्रसंगी हा विरोध सर्वांत तीव्र होई. शास्त्राने जो अलंकार दायादांपासून राखला, तो रूढीने तिच्या अंगावरून उतरविला. दागिना पेटीत तिचा राहिला तरी तो घालण्याचा अधिकार तिला उरला नाही. मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर तो पाहणे एवढेच तिच्या वाट्यास आले. ‘सासूबाईंची नथ’ या कौतुकाच्या शब्दांत असा एखादा मूक इतिहासही दडलेला असू शकतो.

आधुनिक काळात या दोन्ही बाजूंचा विचार झाला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिचे पूर्ण स्वामित्व मानले व त्यात स्त्रीधनाचा स्पष्ट समावेश केला. 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या माणसांकडे ठेवलेले स्त्रीधनही त्या स्त्रीचेच राहते, असा निर्णय दिला. रूढीच्या बाजूने पाऊल पडण्यास अधिक काळ लागला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

सारांश, कौटुंबिक दागिन्याचे भावनिक मोल त्याच्या वजनात नसून देणारीच्या इच्छेत असते. जी वस्तू घालण्याचे, राखण्याचे व देण्याचे स्वातंत्र्य स्त्रीला होते, तीच पुढच्या पिढीत तिची आठवण म्हणून खऱ्या अर्थाने पोहोचली. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने जुन्या पेटीतील दागिन्याकडे पाहताना तो कोणाचा होता एवढ्यावर न थांबता, तो कोणी व कोणाच्या संमतीने पुढे दिला, हाही प्रश्न विचारला पाहिजे.