स्लिप गेज

स्लिप गेज : समोरासमोरच्या दोन अतिसपाट पृष्ठांमधील अंतर हेच ज्याचे माप, असा कठीण पोलादाचा किंवा सिरॅमिकचा ठोकळा. स्वीडनमधील एस्किलस्टुनाच्या बंदूक कारखान्यात काम करणारे कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ मध्ये अशा ठोकळ्यांच्या संचाची कल्पना मांडली. स्वच्छ पुसलेले ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की घट्ट चिकटतात. ८७ नगांच्या संचातले १.००५, १.१२, ९ आणि ३० मिमीचे ठोकळे जोडले की ४१.१२५ मिमी मिळते. ही जोडणी होल्डरमध्ये जबड्यांसह बसवून आतले-बाहेरचे माप तपासता येते, टोक लावून आखणी करता येते आणि साइन बारखाली ठेवून कोन साधता येतो.

जळगाव-धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये या साधनाची खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात. ठोकळ्याचे माप २० अंश सेल्सिअसला खरे धरतात आणि खान्देशात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. म्हणजे ४० अंशांना १०० मिमीचा ठोकळा २३ मायक्रॉन लांब भरतो. जॉबही पोलादाचाच असल्याने तोही तेवढाच वाढतो, मग बिघडले काय, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, पण दोन्हींचे तापमान एकच असेल तरच. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब पाच अंशांनी गरम असला तर १०० मिमीला जवळजवळ ६ मायक्रॉनची चूक होते. याच लांबीच्या ग्रेड १ ठोकळ्याला मुभा ०.६ मायक्रॉनची, ग्रेड २ला १.२ची. तेव्हा महागड्या ग्रेडवर पैसे घालण्याआधी जॉब आणि ठोकळे सरफेस प्लेटवर शेजारी ठेवून निवू देणे अधिक फायद्याचे. ॲल्युमिनियम तर पोलादाच्या दुप्पट वाढते आणि जळगावात पाइप व ठिबकचे भाग ज्यापासून होतात ते प्लास्टिक कित्येक पट. तिथे तापमान समान असूनही हिशेबात दुरुस्ती करावीच लागते.

डिजिटल मायक्रोमीटर आल्यावर ठोकळे कशाला, हा प्रश्नही टिकत नाही, कारण तो मायक्रोमीटर तपासायला ठोकळेच लागतात. खोली थंड करण्यासाठी पाण्याचा कूलर मात्र जपून वापरावा. तो हवेत ओल भरतो आणि पोलादी पृष्ठावर गंजाचा ठिपका पडला की ठोकळा चिकटेनासा होतो. काम संपताच ठोकळे सुटे करून, घामाचे डाग पुसून, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.