राम हरला, रावण जिंकला

१९९१च्या लोकसभा निवडणुकीत गुजरातमधून सीता आणि रावण दोघंही निवडून आले. दीपिका चिखलिया बडोद्यातून, अरविंद त्रिवेदी साबरकांठातून, दोघंही भाजपच्या तिकिटावर. रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका संपून तीन वर्षंही झाली नव्हती. हा किस्सा सांगितला की ऐकणारे हसतात आणि ‘तेव्हाचे लोक भोळे’ म्हणून विषय संपवतात. मला ते पटत नाही.

कारण १९८८ साली, मालिका चालू असतानाच, अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत खुद्द राम प्रचाराला आला होता. अरुण गोविल काँग्रेससाठी मतं मागत होते. समोर विश्वनाथ प्रताप सिंह होते. त्या काळात लोक टीव्हीला हार घालून, हात जोडून बसायचे. तरीही काँग्रेस हरली. आणि १९९१ला गुजरातेत २६पैकी २० जागा भाजपनं जिंकल्या, म्हणजे तिथं लाट होतीच. निव्वळ भोळेपणानं यातलं काहीच उलगडत नाही.

मग पडद्यावरच्या माणसाशी आपलं नातं असतं तरी कसलं? टीव्ही नवा असतानाच, १९५६ साली, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी यावर एक लेख लिहिला आणि या नात्याला ‘पॅरासोशल’ हे नाव दिलं. निवेदक थेट आपल्याकडे बघून बोलतो, ठरल्या वेळी नेमानं येतो, आणि हळूहळू तो आपल्या ओळखीचा होतो. आपण मात्र त्याच्या ओळखीचे नसतो. त्यांनी ‘लोन्सम गॅल’ या रेडिओ कार्यक्रमाचं उदाहरण दिलं. स्वतःचं नाव न सांगणारी एक बाई एकट्या पुरुषांशी लाडानं बोलायची, आणि तिला ढिगानं पत्रं यायची.

या दोघांनी असल्या नात्याला वेड म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या मते हा माणसाच्या नेहमीच्या जगण्याचाच विस्तार होता. खऱ्या माणसांची जागा तो घेऊ लागला, तरच काळजी. शिवाय प्रेक्षकाकडे एक हक्क कायम असतो, असंही त्यांनी नोंदवलं: नको वाटलं की उठून निघून जायचं.

१९८८ साली हा हक्क बजावणं सोपं होतं. रविवारी सकाळी भाग संपायचा आणि पुढचे सहा दिवस शेजारी, नातेवाईक, दुकानदार, महागाई हेच समोर असायचं. आज आपला आवडता यूट्यूबर खिशात असतो. त्याचा भाग संपत नाही, एका रीलखाली दुसरं रील तयारच असतं. २०१७ साली यूट्यूबनं ‘सुपर चॅट’ आणलं. पैसे भरले की लाइव्हमध्ये आपली कमेंट ठळक दिसते आणि कधी कधी तो आपलं नावही घेतो. एकतर्फी ओळखीला असा भाव लागला. मग तोच ओळखीचा आवाज ट्रेडिंगचा कोर्स किंवा बेटिंगचं ॲप सुचवतो, तेव्हा ती जाहिरात वाटत नाही, मित्राचा सल्ला वाटतो. अशा सल्ल्यात जाणारे पैसे मात्र खरे असतात.

फोन फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. मीही रोज कुणाकुणाला बघते, आणि त्यातली काही माणसं मला खरंच आवडतात. फक्त पैसे किंवा मत मागितलं गेलं की मी स्वतःला विचारते: हेच एखाद्या अनोळखी माणसानं सांगितलं असतं, तर ऐकलं असतं का? रविवारी रामासमोर हात जोडून नंतर मत दुसऱ्याला देणारा अलाहाबादचा मतदार मला म्हणूनच भोळा वाटत नाही.